ती एकतीस बाळं

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की घरातली आजी आधी त्याचं पोट बघते. पोट उडायला लागलं की मग दवाखाना. छाती भरून अ‍ॅडमिट होणाऱ्या तान्ह्या बाळांमध्ये जो विषाणू सर्वांत जास्त सापडतो, त्याचं नाव आरएसव्ही. २०१९ या एका वर्षात जगातली पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं त्याने गेली, असा अंदाज आहे. एवढा मोठा वैरी, पण आपल्याकडे नाव कितीजणांना माहीत असतं?

तो १९५६ साली प्रथम नोंदला गेला, तोही अमेरिकेत, सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये! पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाल्टिमोरच्या आजारी बाळांत सापडला आणि कळलं, हा तर माणसाचाच विषाणू.

मग लस हवीच. साल्क यांची पोलिओची लस फॉर्मॅलिनने विषाणू मारून केली होती आणि ती यशस्वी ठरली होती. तीच रीत इथे वापरली. १९६६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ३१ तान्ह्या बाळांना ही लस टोचली. पुढे त्यांतल्या २० जणांना आरएसव्ही झाला, आणि १६ जणांना इस्पितळात न्यावं लागलं. दुसरीच लस दिलेल्या बाळांतही साधारण तितक्याच जणांना लागण झाली होती. इस्पितळात गेलं फक्त एक. लस घेतलेली दोन बाळं दगावली.

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. आईबापांनी भरवशाने दंड पुढे केला असेल ना?

रक्तात प्रतिपिंडं तयार झाली होती, पण बिनकामाची! विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका आकाराचं असतं, नंतर दुसऱ्या. मारलेल्या विषाणूत तो पहिला आकार उरलाच नव्हता. शरीर भलत्याच चेहऱ्याला ओळखायला शिकलं, आणि खरी लागण झाली तेव्हा फुफ्फुसांतली सूज उलट वाढली.

त्या धक्क्याने पुढची कित्येक दशकं तान्ह्या बाळांना आरएसव्हीची अशी मारलेल्या विषाणूची लस द्यायला कोणी धजावेना. मला तरी ही भीती रास्तच वाटते. पहिल्या आकाराचा नकाशा २०१३ मध्ये मिळाला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्यावर बेतलेल्या लसीला मंजुरी मिळाली. ती बाळाला नाही, गरोदर आईला टोचतात. तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात.

चॅनॉक २०१० मध्येच गेले होते.