‘ओहोटी’चा अर्थ आणि तगराचा ऱ्हास

वैभवाला ‘ओहोटी लागणे’ हा वाक्प्रचार समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेरविषयीही सहज योजला जातो. तेर म्हणजे प्राचीन तगर; हे अभिज्ञान फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार तगराचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. भडोचच्या खाडीतील तीव्र भरती-ओहोटीचे वर्णनही त्याच ग्रंथात आहे. तेरच्या व्यापाराचा ओहोटीशी असा प्रत्यक्ष संबंध होता. तथापि शब्दाचा अर्थ त्यावर अवलंबून नाही. ‘ओहटणे’ या क्रियापदाचे नाते प्राकृत ‘ओहट्ट’शी असून मागे सरणे, घटणे हा त्याचा व्यापक अर्थ होय. ‘ओहोटी’ या नामात तो प्रामुख्याने सागरजलापुरता संकोचला.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. सागरी ओहोटीत पुढची भरती गृहीत असते; नुसत्या घटण्यात तसे आश्वासन नसते. तगराचे व्यापारी वैभव परतले नाही. त्याच्या ऱ्हासाला सागरी अर्थाने ओहोटी म्हटले, की ऐतिहासिक कारणांची जागा निसर्गक्रम घेतो आणि कारणमीमांसा थांबते. वाङ्मयप्रकारांच्या ‘भरती-ओहोटी’विषयी लिहिणाऱ्या समीक्षेलाही हाच धोका संभवतो.