धीर कोणी धरायचा? ख्रिस्ती परंपरेतील सहनशीलतेचा एक मागोवा

रोजच्या नात्यांतला धीर हा आजचा विषय ऐकायला सोपा वाटतो. धीर चांगला, उतावळेपणा वाईट, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग त्यावर व्याख्यान कशाला? तर आज आपण धीराची स्तुती करायला बसलेलो नाही. आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे : धीर धरायला सांगितलं जातं, ते कोणाला?

आपल्या घरातलंच पाहा. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीला सांगतात, "पडतं घे, जमवून घे." तिच्या नवऱ्याला हे वाक्य किती वेळा ऐकवलं जातं? कामावरच्या माणसाला सांगतात, "साहेब रागीट आहेत, तू शांत राहा." साहेबाला कोण सांगतं? आणि ख्रिस्ती घरांत या सल्ल्याला शास्त्राचा आधार जोडला जातो : ख्रिस्ताने सोसलं, तूही सोस. हा आधार खरा आहे का, हे इतिहासात शोधायचं, एवढाच आजचा बेत.

सुरुवात शब्दांपासून करू. तत्त्वज्ञानाच्या माणसांची ती खोडच असते. हिब्रू शास्त्रात देवाचं एक वर्णन पुन्हा पुन्हा येतं : 'एरेख अप्पायिम'. आपण त्याचं भाषांतर 'मंदक्रोध' असं करतो. शब्दशः अर्थ मात्र गमतीचा आहे : 'लांब नाकाचा'. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. राग आला की नाक तापतं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको, कारण आपल्याकडेही राग नाकावरच असतो. तर देवाचं नाक लांब, म्हणजे त्याला राग चढायला वेळ लागतो.

नव्या करारातल्या ग्रीक भाषेत दोन शब्द आहेत. एक 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. संकट, आजार, छळ यांच्यासाठी बहुधा हा येतो. दुसरा 'माक्रोथुमिया', म्हणजे लांबलेला राग. हा मुख्यतः माणसांशी वागण्याचा शब्द आहे. करिंथच्या मंडळीला प्रीती म्हणजे काय हे सांगताना पौलाने पहिलं क्रियापद याच शब्दाचं वापरलं. आता नीट लक्ष द्या. रागाला लांबणीवर कोण टाकू शकतो? ज्याचा राग दुसऱ्याला भोवू शकतो, तो. ज्याच्या रागाला कोणी विचारत नाही, त्याने तो लांबवला काय आणि न लांबवला काय! म्हणजे हा शब्द मुळात हातात काहीतरी सत्ता असलेल्या माणसाला उद्देशून आहे.

येशूच्या दाखल्यांत हे स्पष्ट दिसतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकरावर राजाचं दहा हजार तलांतांचं कर्ज आहे. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशोब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. फेडणं अशक्य. तो पाया पडून म्हणतो, मला सांभाळून घ्या, धीर धरा. राजा कर्जच माफ करतो. बाहेर पडल्यावर त्याला एक सोबती भेटतो, त्याच्याकडून येणं असतं फक्त शंभर दिनार. तोही तीच विनवणी करतो, मूळ ग्रीकमध्ये जवळजवळ त्याच शब्दांत. आणि हा त्याचा गळा धरतो, त्याला तुरुंगात टाकतो. धीर मागितला जातो तो दोन्ही वेळा सावकाराकडे. कर्जदाराने धीर धरावा असा उपदेश या गोष्टीत कुठेच नाही.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रवचनात अनेकदा सुटते. किती वेळा क्षमा करू, असा पेत्राचा प्रसिद्ध प्रश्न येण्याआधी येशू एक रीत सांगतो. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून चूक सांगा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या. तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे ठेवा. क्षमेची शिकवण बोलण्याच्या शिकवणीनंतर येते. गप्प बसा असं त्यात नाही.

लूकच्या शुभवर्तमानातलं अंजिराचं झाड आपल्याला माहीत आहे. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक ते तोडायला निघतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. इथे धीर म्हणजे हात जोडून बसणं नाही, खणणं आहे. आणि त्याला मुदतही आहे. एक वर्ष! हे एक वर्ष लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ते पुन्हा भेटणार आहे.

आता इतिहासाकडे. लॅटिनमध्ये धीरावर ख्रिस्ती ग्रंथ पहिल्यांदा लिहिला तो टर्टुलियनने, इ.स. 200 च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात. गृहस्थ तापट होता. ग्रंथाच्या आरंभीच तो कबूल करतो, की हा गुण आपल्या अंगी नाही आणि आजारी माणूस आरोग्याचं कौतुक करतो तसं आपण हे लिहीत आहोत. त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने 256 मध्ये याच विषयावर लिहिलं, तेव्हा बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून रोमच्या बिशपाशी त्याचा कडाक्याचा वाद चालू होता. दोघांचीही मांडणी देवापासून निघते : जो शिक्षा करू शकतो आणि तरी थांबतो, त्याच्याकडून धीर शिका. पण टर्टुलियनच्या ग्रंथात एक उदाहरण डोकावतं. चांगले गुलाम मालकाच्या मर्जीप्रमाणे वागतात, मग आपण देवाशी तसं का वागू नये? उदाहरण साधं आहे, पण धीराचा नमुना राजाकडून गुलामाकडे सरकायला इथे वाट झाली.

सुमारे दोनशे वर्षांनी ही वाट मोठी झालेली दिसते. ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या नवव्या भागात आपली आई मोनिका हिच्याविषयी लिहिलं आहे. नवरा पॅट्रिसियस प्रेमळ खरा, पण भडक माथ्याचा आणि बाहेरख्याली. मोनिका त्याच्या रागासमोर बोलत नसे. तो निवळला, की योग्य वेळ पाहून आपली बाजू सांगत असे. इथवर शहाणपण आहे. निवळल्यावर बोलणं हेही बोलणंच आहे. पण पुढे ऑगस्टीन सांगतो, की ज्यांचे नवरे तिच्या नवऱ्याहून सौम्य होते, अशा बायकाही चेहऱ्यावर माराचे वळ घेऊन तिच्याकडे येत आणि कुरकुर करत. तेव्हा ती थट्टेच्या सुरात, पण गंभीरपणे, दोष त्यांच्याच जिभेला देई. विवाहाचा करार वाचला गेला तेव्हाच आपण दासी झालो, हे आठवा, असं म्हणे. ऑगस्टीन हे कौतुकाने लिहितो.

मोनिकेवर आज खटला भरायचा नाही. चौथ्या शतकातल्या थागास्ते गावात त्या बायकांना जायला दुसरी जागा नव्हती. जिवंत राहण्याची तिची ती युक्ती होती. प्रश्न आहे तो त्या युक्तीचा पुढे सद्गुण झाला, याचा. ऑगस्टीनच आणखी एक हकीकत देतो. दासींच्या चहाड्यांमुळे सासू मोनिकेवर रुसली होती. मोनिकेने सेवेने आणि सहनशीलतेने तिचं मन जिंकलं. सासूने मुलाला चहाड्या सांगितल्या आणि मुलाने दासींना फटके मारले. घरात शांतता आली! या शांततेची किंमत ज्यांनी पाठीवर मोजली, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

धीराची दुसरी, निकोप परंपराही चालू होती, ती मठांत. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. मठ म्हणजे काही स्वर्ग नव्हता. कोणी घोरतो, कोणी कुरकुरतो, कोणी कामचुकार. आपल्या एकत्र कुटुंबासारखंच. बहात्तराव्या प्रकरणात तो सांगतो, की एकमेकांचे शरीराचे आणि स्वभावाचे दुबळेपण अत्यंत धीराने सोसावेत. 'एकमेकांचे' हा शब्द महत्त्वाचा. मठाधिपतीवर तर तो अधिक भार टाकतो : चुकलेल्या भावाची काळजी वैद्यासारखी घ्यावी. आणि तरी सीमा आहे. मठ सोडून गेलेल्याला तीन वेळा परत घ्यावं, त्यानंतर दार बंद. संत माणसानेसुद्धा आकडा घातला आहे.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण या प्रश्नाचं फार बोलकं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ सोवळ्याच्या घरातली. तिच्यावर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळकांच्या हातात त्या वेळी एक कायदा होता, 1866 चा. धर्मांतरामुळे पतीने किंवा पत्नीने सोबत राहायला नकार दिला, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाता येई. कोर्ट एक वर्ष थांबे आणि नकार कायम राहिला तर विवाह मोडून देई. पाहा, अंजिराचं ते एक वर्ष इथे भेटलं. टिळक त्या दाराने गेले नाहीत. पुढे दोघं एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं काही काळ चालू होतं आणि ते त्यांनी जबरदस्तीने मोडलं नाही. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो जातिभेद माणसाने केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर.

टिळकांना देवमाणूस करायचं कारण नाही. ते विलक्षण तापट होते आणि बायकोला अंधारात ठेवून त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याची झळ तिने सोसली. पण कायदा, शिक्षण, पुरुषपण सगळं त्यांच्या बाजूला असताना त्यांनी तिच्या मनाला वेळ दिला. माक्रोथुमिया म्हणतात ती ही. आणि लक्ष्मीबाईंचा धीर? तो मुका नव्हता. त्या रडल्या, भांडल्या, टोमणे मारले, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर खळखळून हसल्या. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी नवऱ्याचा राग झाकला नाही आणि त्याच्यावरचं प्रेमही झाकलं नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं तेही याच बाईंनी. आमच्या मते धीराचं हे रूप मोनिकेच्या सल्ल्यापेक्षा शुभवर्तमानाला जवळचं आहे.

कोणी म्हणेल, मग दुबळ्याने धीर धरायचाच नाही का? धरायचा. आजारपणात, दारिद्र्यात, छळात टिकून राहणं ही हुपोमोने आहे आणि तिची थोरवी कमी नाही. याकोबाच्या पत्रात तिच्यासाठी ईयोबाचं उदाहरण दिलं आहे. पण ईयोबाचं पुस्तक उघडून पाहा. तो माणूस अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतो, मित्रांचा उपदेश झिडकारतो. आणि शेवटी देव कोपतो तो त्या उपदेशक मित्रांवर. टिकून राहणं आणि तोंड मिटून बसणं या दोन गोष्टी आपण एक करून टाकल्या, हा घोटाळा आहे.

म्हणून उद्या घरात, मंडळीत, कचेरीत कोणाला "धीर धर" म्हणायची वेळ आली, तर आधी आपण पाहावं, की या नात्यात राग कोणाचा भोवतो. मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला धीराचा उपदेश करणं म्हणजे शंभर दिनारवाल्या कर्जदाराला उपदेश करणं. तिला आधी सुरक्षित जागा हवी आणि तिच्या वतीने बोलणारे एकदोघं हवेत. ती रीत त्याच अध्यायात सांगून ठेवली आहे. धीराचा धडा तिच्या नवऱ्याचा आहे. उलट म्हातारे वडील तीच गोष्ट पाचव्यांदा सांगतात, लेकराचे बूट घालून होत नाहीत, सून वेगळ्या पद्धतीने स्वयंपाक करते, नवा कारकून चुकतो, तेव्हा सत्ता आपल्या हातात असते. नाक लांब करायची पाळी तिथे आपली आहे, आणि ती दिवसातून दहा वेळा येते.

दहा हजार तलांतांचं कर्ज माफ झालेला माणूस राजवाड्याबाहेर पडला, तेव्हा त्याच्या हातात सोबत्याचा गळा होता. ख्रिस्ती माणसाची धीराची परीक्षा त्या दाराबाहेर होते. आपलं बोलणं इथे थांबवू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.