प्रवरेकाठचे पदार्थविज्ञान

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरात लोकशिक्षणाची परंपरा विज्ञानाच्या अध्यापनाहून पुष्कळ जुनी आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) याच गावचे. तमाशाचा फड सोडून ते कीर्तनाकडे वळले ते अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून, अशी आख्यायिका आहे, आणि त्यांच्या फटक्यांनी व्यवहारनीतीचा उपदेश पेठेतल्या माणसाला पेठेतल्याच बोलीत केला.

विड्या वळून आणि हातमाग चालवून पोट भरणाऱ्या या कसब्यात १९६१ साली महाविद्यालय निघाले. त्याच्या नावात कलाशाखेशी नगरपालिका, वाणिज्याशी मालपाणी आणि विज्ञानाशी सारडा अशी तीन नावे आज एकत्र नांदतात. पुण्या-नाशिकास मुले धाडण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांच्या दाराशी पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आली, हे मी या गावाचे मोठे सार्वजनिक कृत्य समजतो.

परंतु मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञानवर्गात पाऊल टाकतो, तेव्हा न्यूटनचे नियम त्याच्यापुढे इंग्रजीत उभे राहतात, आणि ज्याची बुद्धी नियमापर्यंत सहज पोहोचली असती तो वाक्यापाशीच अडखळतो. अडचण केवळ इंग्रजीचीही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत स्थापन केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांतून काम केले; पुढे पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेत कशी आडवी येते याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला, आणि आशय तोच राखून भाषा सोपी केली असता मुलांची समज वाढते, वर्गातला त्यांचा सहभागही वाढतो, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाला जितके महत्त्व मिळावयास हवे होते तितके आपल्या शिक्षणखात्याच्या दप्तरी मिळाले, असे मला वाटत नाही.

संगमनेरहून चंदनापुरीचा घाट ओलांडून पुणे रस्त्याने नारायणगावाकडे गेले की खोडद लागते. तेथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, रामन परिणामाच्या शोधाच्या स्मरणार्थ, विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील मुले स्वतः रचलेले प्रयोग मांडून ते येणाऱ्याजाणाऱ्यास मराठीतून समजावून सांगतात. हीच रीत संगमनेरातही आणता येईल: महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात प्रत्येक प्रयोगाची वही अशाच तोंडी मराठी निवेदनानंतर लिहून घेण्यास फार तर घटकाभराचा अधिक वेळ लागेल.