कांचपेटीचें छिद्र

हौसेनें मासे पाळणारा गृहस्थ एके दिवशीं आपली कांचपेटी रिकामी करतो आणि तिच्या मागील कांचेस स्वतःच्या हातानें रुपयाएवढें भोंक पाडतो, हें ऐकून कोणासही आश्चर्य वाटेल. पाणी राहावें म्हणून जें भांडें घेतलें, त्यालाच भोंक पाडणें हा उघड वेडेपणा नव्हे काय? परंतु अशीं भोंकें आज अनेक देशांतील हौशी लोक घरच्या घरीं पाडीत असतात, आणि त्यांत वेडेपणा मुळींच नाहीं. सजीव सृष्टीचा एक तुकडा कांचेंत कोंडला असतां तो आपल्याच बळावर जगूं शकेल काय, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत निघाला होता. हें छिद्र म्हणजे त्या प्रश्नास अनुभवानें दिलेलें उत्तर होय, असें आमचें मत आहे. तें कसें, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडतों.

या हकीकतीचा आरंभ पाण्यांत नसून मातींत आहे. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनीं १८२९ सालीं एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलींत ठेवून तिचें तोंड बंद केलें. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून एक नेचा व गवताचें एक रोप वर आलें. लंडनच्या काजळीनें वॉर्ड यांच्या बागेंतील नेचे मरत असत. बंद बाटलींत मात्र तेच सुखानें वाढले, कारण पानांतून निघालेली वाफ कांचेवर दंवासारखी जमून पुन्हां मातींत उतरे. यांतूनच ‘वॉर्डची पेटी’ जन्मास आली. १८४२ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं रोपें हिमालयाच्या उतारांवर आणलीं, तीं अशाच पेट्यांतून. १८४५ सालीं इंग्लंडांतील कांचेवरचा कर उठला, कांच स्वस्त झाली, आणि मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांतही कांचेच्या पेट्या दिसूं लागल्या.

मातींत जें साधलें तें पाण्यांत कां साधूं नये, हा विचार मग ओघानेंच आला. १८४९ सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १२ गॅलनांच्या, म्हणजे सुमारें ५५ लिटरांच्या, कांचपात्रांत दोन लहान सोनेरी मासे सोडले व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली. मासे जो कर्बवायु सोडतात तो वनस्पतीनें घ्यावा व प्राणवायु परत द्यावा, अशी ही योजना होती. परंतु जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें पात्रांत गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं आणि पाणी निवळलें. १८५० सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर जलसृष्टीच्या समतोलाची कल्पना सर्वतोमुखीं झाली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांचा ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि घरांतून कांचपेट्या मांडण्याची लाटच उसळली.

या मतास प्रतिकूल असा एक पुरावा मात्र आधींच घडून गेला होता. अ‍ॅना थिन या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ते जगावे म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण समुद्राचें पाणी रोज अर्धापाऊण तास उघड्या खिडकीशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसे. पुढें बाईंनीं समुद्रवनस्पतींचीही मदत घेतली. परंतु पाण्यास वारा हवा व चलन हवें, हें त्या मोलकरणीच्या हातांनीं आधींच सांगून ठेवलें होतें. वॉरिंग्टनचा सिद्धान्त असत्य नव्हता; १२ गॅलनांत दोनच लहान मासे, हें त्याचें प्रमाण होतें. लोकांनीं सिद्धान्त उचलला व प्रमाण सोडलें. दाटीवाटीनें भरलेल्या पेट्यांत प्राणी मरूं लागले, आणि मेलेल्यांची जागा भरण्यासाठीं लोक पुन्हां किनाऱ्याकडे धांवूं लागले. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनीं १९०७ सालीं ‘फादर अँड सन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वडिलांनीं ज्यांचें वर्णन केलें ते खडकांतील जिवंत डोह संग्राहकांच्या झुंडींनीं कसे लुटून नेले, हें त्यांत दुःखानें नमूद केलें आहे. स्वयंपूर्ण म्हणून गाजलेल्या पेटीची भरपाई अशी समुद्राला करावी लागली.

या गोंधळांतून वाट काढली ती विल्यम अल्फर्ड लॉइड यांनीं. हँबर्ग येथील १८६४ चें व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८७१ चें, हीं दोन मत्स्यालयें त्यांच्या योजनेनें उभीं राहिलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रेक्षकांस दिसणारें पाणी थोडें असावें व न दिसणारें पुष्कळ असावें. खालच्या अंधाऱ्या हौदांतून तें पंपानें वर चढवावें, आणि पेट्यांतून वाहत जाऊन त्यानें पुन्हां हौदांत उतरावें. आजचा हौशी गृहस्थ पेटीखालच्या कपाटांत दुसरी टाकी ठेवतो, ती याच हौदाची घरगुती आवृत्ति होय. आणि वरच्या पेटींतून तिच्यांत पाणी उतरण्यास वाट पाहिजे. सायफनच्या नळीनेंही तें काम होतें. परंतु नळींत हवा शिरली कीं प्रवाह तुटतो, पंप मात्र चालूच राहतो, आणि पाणी दिवाणखान्यांत पसरतें. म्हणून भोंकाचा मार्ग अधिक भरंवशाचा.

भोंक कांचेलाच पाडण्याचा प्रसंग मात्र अलीकडचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील पुष्कळ पेट्यांचा तळ पाटीच्या दगडाचा असे, व त्यास छिद्र पाडणें तितकें अवघड नव्हतें. १९६० नंतर सिलिकोनचें लुकण प्रचारांत आलें, चौकटी गेल्या, आणि संपूर्ण कांचेची पेटी आली. कांच ही लाकडासारखी गिरमिटानें कापली जात नाहीं. ती झिजवावी लागते. ही विद्या फार प्राचीन आहे. पिरॅमिडांच्या काळीं मिसरी कारागीर तांब्याची पोकळ नळी वाळूवर फिरवून ग्रॅनाइट विंधीत. आपल्याकडे खंबायतचे अकीकाचे कारागीर सळईच्या टोकास दोन हिरकण्या बसवून कमानीचा सामता चालवीत आले. आणि कालिदासानें ‘रघुवंशा’च्या आरंभीं वज्रानें विंधलेल्या रत्नांत शिरणाऱ्या दोऱ्याची उपमा स्वतःस दिली आहे, त्यावरून ही गोष्ट तत्कालीन रसिकांच्या परिचयाची होती हें उघड आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत कृत्रिम हिरा करण्याची कृति साधली, आणि पुढें जवाहिऱ्याच्या पेढीवरचा माल हत्यारांच्या दुकानांत आला. मिसरची नळी व खंबायतची हिरकणी यांचा संयोग म्हणजेच या गृहस्थाच्या हातांतलें हत्यार: कांठाला हिऱ्याची पूड बसविलेली पोकळ नळी.

तें चालविण्यास बळापेक्षां धीर अधिक लागतो. कांच आडवी ठेवून खालीं लाकडी फळी द्यावी, यंत्राची गति मंद ठेवावी, आणि छिद्राभोंवतीं मातीची कड करून पाणी खेळतें ठेवावें, कारण उष्णता वाढली कीं कांच तडकते. नळी पार जाण्याच्या बेतांत आली कीं दाब जवळजवळ काढून घ्यावा, नाहीं तर मागल्या बाजूनें टवके उडतात. ‘टफन्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कांचेस मात्र हात लावूं नये. ती ६०० अंशांहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोतानें एकदम निवविलेली असते. त्यामुळें तिचा पृष्ठभाग दाबाखालीं व गाभा ताणाखालीं राहतो, आणि तो तोल एके ठिकाणीं मोडला कीं सबंध तक्त्याचे क्षणांत तुकडे होतात. १६६० सालीं प्रिन्स रूपर्टनें इंग्लंडांत आणलेले कांचेचे थेंब याच गुणामुळें गाजले; त्यांचें डोकें हातोडा सोशी, पण शेपटी मोडतांच सगळ्याचा भुगा होई.

छिद्र पाडल्यानें पेटी स्वयंपूर्ण होते असें नाहीं. खालची टाकीही मर्यादितच असते. माशांस अन्न बाहेरून द्यावें लागतें, पाणी वरचेवर बदलावें लागतें, आणि वीज गेली कीं मालकाच्या पोटांत गोळा येतो. परंतु कोंडलेली सृष्टि कोणाच्या तरी श्रमांवर जगते, ही जी गोष्ट समतोलाच्या भक्तांनीं दृष्टीआड केली, ती येथें उघड मान्य केलेली असते. १८४६ सालीं ते श्रम एका मोलकरणीचे होते, आणि नांव मात्र मालकिणीचें झालें. आज तेंच काम पंप करतो. पेटीला भोंक पाडणाऱ्या गृहस्थानें काम संपवून पाणी सोडतांना त्या खिडकीशीं बसलेल्या बाईची एकदां आठवण करावी, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.