सावकाश, पडशील!

रविवारी सोसायटीच्या बागेत लेक घसरगुंडीची शिडी चढत होती आणि माझं आपलं अखंड चालू, "सावकाश गं, पडशील!" तिच्याच वयाचा शेजारचा पोरगा घसरगुंडीवरून उलटा वर चढत होता. त्याला मात्र मी म्हणालो, "शाब्बास!" घरी येऊन वाचायला बसलो, तर या प्रकाराला चांगलाच इतिहास निघाला.

अर्विन श्ट्राउस हे मूळचे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ. १९६६ च्या पुस्तकात ते लिहितात, की पाच वर्षांचा मुलगा चेंडू फेकताना हात मागे नेतो, कंबर वळवतो, पाय मागे टाकतो. मुलगी नुसता हात हलवते. का? या वयात शरीरात तसा फरक नाही, हे त्यांना मान्य होतं. मग कारण काय, तर "स्त्रीसुलभ वृत्ती"! म्हणजे उत्तर सापडलं नाही की नवं नाव द्यायचं. (आम्ही बगला 'फीचर' म्हणतो तसंच.)

१९८० मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी त्यांना नेमकं इथेच पकडलं. लागेल, मळशील, नीट बस, हे ऐकत मोठी झालेली मुलगी पूर्ण शरीर वापरायलाच शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

फेकण्यातला फरक खोटा नाही बरं का. १९८५ मध्ये थॉमस आणि फ्रेंच यांनी ६४ अभ्यास एकत्र तपासले. लहान वयात बहुतेक कौशल्यांत फरक किरकोळ होता, पण फेकण्यात अगदी लवकर मोठा दिसला. त्यात निसर्ग किती आणि सराव किती, हा वाद आहेच.

पण रांगण्याचं काय? २००० साली न्यूयॉर्कमध्ये ११ महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त बांधला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलं-मुली सारखीच निघाली! २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही भारतासह पाच देशांतली बाळं पाहून बसणं, रांगणं, चालणं यांसाठी मुलगा-मुलगी दोघांना एकच तक्ता दिला.

थोडक्यात, उतार सारखाच होता, बाळंही सारखीच होती. वेगळा होता तो बघणाऱ्याचा अंदाज.

असो. पुढच्या रविवारी तोंड बंद ठेवून नुसतं शेजारी उभं राहायचं ठरवलंय. बघू जमतंय का!