रात्रीचा दिवा, दिवसाची झोप

पातूरला आमच्या आळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. अकोल्याच्या एका इस्पितळात ती परिचारिका आहे. गेल्या नरकचतुर्दशीला रात्रपाळी आटोपून ती सकाळच्या एस.टी.ने घरी परतली, तेव्हा सर्वांची अभ्यंगस्नाने होऊन फराळाची ताटे मांडली होती. मीही फराळाला बसलो होतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सणासुदीचं झोपू नोको व माय." ती हसून मला म्हणाली, "डोये त मिटते सर, पन झोप काई लागत नाही."

त्या एका वाक्याने मला इतिहास चाळायला लावले.

1854 साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. हाती दिवा घेऊन रात्री जखमींमधून फिरणारी त्यांची मूर्ती जगाच्या ध्यानात राहिली. शुश्रूषेवरील त्यांच्या पुस्तकात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण आहे. रोग्याची झोपमोड होऊ नये, हा त्यांचा कटाक्ष. आपल्याकडे 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले आणि पुढे रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नाने विधवा स्त्रियाही ससून इस्पितळात हे शिक्षण घेऊ लागल्या. रोग्याच्या झोपेची काळजी शिकवली गेली. परिचारिकेच्या झोपेचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

तो मांडायला फार उशीर झाला. अमेरिकेत 1976 साली लाखाहून अधिक परिचारिकांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली. सहा वर्षे किंवा अधिक काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो, असे 1995 मध्ये दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली अशा पाळ्यांना बहुधा कर्करोगकारक ठरवले आणि 2019 मध्ये रात्रपाळीविषयी तेच मत कायम ठेवले. शरीरातले घड्याळ उजेडाच्या इशाऱ्यावर चालते. दिवसा अंथरुणाला पाठ टेकली तरी ते 'ऊठ' असेच सांगत राहते.

मुंबईच्या कामा रुग्णालयात 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री वीस गर्भवती स्त्रियांना अतिरेक्यांपासून वाचवणाऱ्या अंजली कुलथे रात्रपाळीवरच होत्या. कोजागरीला लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते म्हणतात. आपण आटीव दूध पिऊन एक रात्र जागतो. या बायका वर्षानुवर्षे जागतात.

त्या दिवशी मी ताट बाजूला सारून उठलो आणि दारातल्या पोरांना फटाके दूर मैदानात न्यायला सांगितले. परत आलो तो सासूबाई खिडकीला जाड गोधडी लावीत होत्या. सुनेचे ताट त्यांनी झाकून ठेवले होते.