पेस्ट केलं आणि काळा चौकोन आला: चित्र उचलण्याचा छोटा इतिहास

समजा, कासारवाडीतल्या एखाद्या मंडळाचा फ्लेक्स तुम्हाला रात्रीतून करून द्यायचाय. ब्राउझरमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीचं छान गणपतीचं चित्र सापडलं. 'कॉपी इमेज' केलंत, पेंटिंगच्या प्रोग्रॅममध्ये येऊन पेस्ट केलंत, आणि मूर्तीभोवती काळाकुट्ट चौकोन! कधी चित्राऐवजी नुसता पत्ता येतो, कधी काहीच येत नाही. मग आपण म्हणतो, 'कॉम्प्युटर बिघडला.' खरं तर तो बिघडलेला नसतो. चित्र एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना काय टिकतं आणि काय गळतं, हा माझ्या प्रबंधातला प्रश्न आहे, आणि तो कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे.

कासारवाडीहून लोणावळा लोकल पकडलीत, तर लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे याच मळवलीला आला. आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय थाटून या छापखान्यासाठी फोटो-लिथो ट्रान्सफरचं काम करत होते दादासाहेब फाळके. होय, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' काढणारे तेच.

ट्रान्सफर म्हणजे काय? चित्राचा फोटो घ्यायचा, त्यावरून खास कागदावर शाईची प्रतिमा तयार करायची आणि तो कागद दगडावर दाबायचा. पण लिथोच्या दगडाची एक अट असते. तो एखाद्या जागी शाई धरतो किंवा धरत नाही, मधलं काही त्याला कळत नाही. म्हणून फिकट छटा हवी असेल, तर ती आधीच बारीक ठिपक्यांमध्ये फोडावी लागते. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा दगड. थोडक्यात, देणाऱ्याकडे कितीही नाजूक चित्र असलं, तरी घेणाऱ्याला समजेल तेवढंच पोचतं.

आता थेट १९७० च्या दशकात येऊ. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट 'जिप्सी' नावाचा लेखन-प्रोग्रॅम बनवत होते. तो पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांसाठी होता. ही मंडळी कात्री आणि डिंक घेऊन कागदाचे तुकडे कापत, चिकटवत. 'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द तिथूनच पडद्यावर आले. ॲपलच्या १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉशमुळे ही सोय सामान्य वापरणाऱ्यांच्या हाती आली.

पण कात्रीची ही उपमाच आपल्याला फसवते. कापलेला कागद एकच असतो, क्लिपबोर्डवर मात्र एकाच चित्राची अनेक रूपं एकाच वेळी ठेवलेली असू शकतात. ब्राउझर साधारणपणे चित्राचे पिक्सेल ठेवतो आणि सोबत एचटीएमएलचा तुकडा, ज्यात चित्राचा मूळ पत्ता असतो. काही वेळा पीएनजी रूपही ठेवतो. यातलं कुठलं उचलायचं हे पेस्ट करून घेणारा प्रोग्रॅम ठरवतो.

एवढं कळलं की दुखणं ओळखता येतं.

काळा चौकोन आला? मग प्रोग्रॅमने बहुधा विंडोजचं जुनं बिटमॅप रूप उचललंय. त्यात पारदर्शकतेची माहिती सहसा टिकत नाही, आणि पारदर्शक पिक्सेलखाली बऱ्याचदा काळा रंगच नोंदलेला असतो. म्हणजे लिथोच्या दगडासारखीच गत.

नुसता पत्ता आला? तर 'कॉपी इमेज'ऐवजी त्याच्या शेजारचं 'कॉपी इमेज ॲड्रेस' दाबलं गेलं असेल. तो निव्वळ मजकूर असतो.

काहीच आलं नाही? काही प्रोग्रॅम पत्ता वाचून चित्र स्वतः उतरवायला जातात. चित्र लॉगिनच्या आड असेल, तर ब्राउझरला दिसणारं चित्र या प्रोग्रॅमला मिळत नाही. क्रिटासारख्या प्रोग्रॅममध्ये, चित्र नव्याने उतरवायचं की क्लिपबोर्डवरचंच घ्यायचं, हे सेटिंगमध्ये निवडता येतं. लिनक्सच्या जुन्या एक्स पद्धतीत तर कॉपी केलेली वस्तू मूळ प्रोग्रॅमकडेच राहते आणि मागितल्यावर दिली जाते. त्यामुळे पेस्ट होण्याआधी ब्राउझर बंद केलात, तर ती जाऊ शकते.

या सगळ्यांवरचा साधा उपाय म्हणजे चित्र 'सेव्ह' करायचं आणि ती फाइल प्रोग्रॅममध्ये उघडायची किंवा नव्या लेयरवर आणायची. सेव्ह केलेल्या फाइलमध्ये पारदर्शकता शाबूत असते आणि चित्र किती पिक्सेलचं आहे हेही आधीच दिसतं. ते बघाच. ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र ६ फुटी फ्लेक्सवर ताणलं, तर इंचाला जेमतेम ११ पिक्सेल पडतात. पडद्यावर सुबक दिसणारा गणपती जवळून चौकड्यांचा दिसेल. आणि हो, चित्र कुणाचं आहे, वापरायची परवानगी आहे का, हे क्लिपबोर्ड कधीच सांगत नाही. तेही वाटेत गळतं.

फाळक्यांच्या काळात ट्रान्सफर करणारा माणूस समोर असायचा. छटा कुठे गेली, हे त्याला विचारता यायचं. आज तेच काम कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही यांच्या मधल्या क्षणात उरकतं, म्हणून आपल्याला वाटतं की मध्ये कुणी नाहीच. पुढच्या वेळी पेस्ट फसलं, की आधी विचारा: देणाऱ्याने काय काय ठेवलं होतं, आणि घेणाऱ्याने त्यातलं काय उचललं?